कोबोलला जावातून ९० दिवस पाठवले, तिकडे २३,०४० पोचले. मदत हवी

वाशिष्ठीकाठ (चिपळूण), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस झाले, एकाच जागी अडकलोय, म्हणून इथे लिहितोय.

एका पतसंस्थेचं काम आहे. मुदत ठेवीचं व्याज काढणारा प्रोग्रॅम कोबोल या जुन्या भाषेत आहे. आधी एससीओ युनिक्सवर चालायचा, आता लिनक्सवर ग्नूकोबोल या कंपाइलरने तयार करून चालवतो. लिहिणारे काका निवृत्त होऊन गुहागरला नारळी-पोफळीत रमलेत. प्रत्येक रेकॉर्डचा आराखडा त्यांनी एका जाडजूड रजिस्टरात हाताने लिहून ठेवला होता. कुठलं फील्ड कितव्या बाइटपासून सुरू होतं, किती बाइट घेतं, सगळं. ते रजिस्टर २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं. सोर्स तेवढा वाचला, कारण त्याची सीडी काकांच्या घरी माळ्यावर होती.

आता संस्थेला मोबाइलवर ठेवीदारांना व्याज दाखवायचंय. ती बाजू जावात आहे. हिशेब जावात पुन्हा लिहायला संचालक मंडळ तयार नाही, कारण आजवरचे सगळे ताळेबंद याच प्रोग्रॅमच्या आकड्यांवर उभे आहेत. म्हणून ठरलं की जावाने कोबोललाच विचारायचं. प्रोग्रॅमची शेअर्ड लायब्ररी केली, जावातून जेएनए (जावाला बाहेरच्या लायब्ररीशी बोलू देणारं साधन) वापरून हाक मारली. हाक पोचते, प्रोग्रॅम चालतो, परतही येतो.

लिंकेज सेक्शन, म्हणजे बाहेरून येणाऱ्या माहितीची मांडणी, असं आहे (नावं आणि शब्द देवनागरीत लिहितोय, समजून घ्या; कॉम्प-५ म्हणजे बायनरी पूर्णांक, कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड आकडा):

०१ व्याज-माहिती.
०५ खाते-क्रमांक पिक एक्स(११).
०५ दिवस पिक एस९(९) कॉम्प-५.
०५ मुद्दल पिक एस९(९)व्ही९९ कॉम्प-३.
०५ व्याज पिक एस९(९)व्ही९९ कॉम्प-३.

जावात जेएनएच्या स्ट्रक्चरमध्ये हीच चार फील्ड याच क्रमाने: ११ बाइटचा ॲरे, एक इंट, ६ बाइटचे दोन ॲरे.

चाचणीसाठी ठेव ५०,००० रुपये, ९० दिवस, दर ८ टक्के (दर प्रोग्रॅम स्वतःच योजनेच्या फाइलीतून उचलतो). कागदावर ९८६ रुपये ३० पैसे येतात. कोबोलमध्ये डिस्प्ले टाकून पाहिलं तर दिवस २३,०४०, मुद्दल ५००.०० आणि व्याज २,५२४.९३. जावात ते व्याज वाचायला गेलो की माझा पॅक्ड आकडा सोडवणारा कोड ओरडतो, आकड्यांच्या मधेच ‘सी’ सापडला म्हणून.

मुद्दल बरोबर शंभरपट कमी दिसतं, म्हणजे दशांशाचा घोळ असेल असं वाटून जावात १०० ने गुणून पाठवलं. मुद्दल ५०,००० आलं! पण दिवसांचं काय करू?

बंदररोड (रत्नागिरी), सोमवार रात्री १०:०५

एंडियनचा, म्हणजे आकड्याचा कुठला बाइट आधी ठेवायचा याचा, घोळ आहे. कोबोलचा पूर्णांक उलट्या क्रमाने बाइट ठेवतो, जावातून इंट उलटवून पाठव. माझ्याकडे हेच झालं होतं.

कातळशिल्प (राजापूर), सोमवार रात्री १०:३०

बंदररोड, तुझ्याकडे साधं कॉम्प असणार. ग्नूकोबोलमध्ये काही बदललं नसेल तर साधं कॉम्प मोठा बाइट आधी ठेवतं, आणि इंटेलच्या यंत्रावर जेएनए लहान बाइट आधी ठेवतं. तिथे तुझा उपाय लागू. इथे मात्र कॉम्प-५ आहे, म्हणजे यंत्राची जी पद्धत तीच. शिवाय बाइट उलटले असते तर ९० चे १,५०,९९,४९,४४० झाले असते. २३,०४० नाही.

वाशिष्ठीकाठ, २३,०४० भागिले ९० करून बघ. २५६ येतात. एखादा आकडा नेमका २५६ पट झाला की शंका एकच घ्यायची: बाइट जागचे सरकलेत, आणि तेही एकाच घराने.

दोन गोष्टी कर. जावाला त्या स्ट्रक्चरची लांबी विचार आणि कोबोलला व्याज-माहितीची ‘लेंग्थ ऑफ’ विचार. दोन्ही आकडे इथे टाक. आणि हात जोडून सांगतो, तो १०० चा गुणाकार आत्ताच्या आत्ता काढ.

वाशिष्ठीकाठ, सोमवार रात्री ११:१०

लाइट गेली होती, म्हणून उशीर.

जावा २८ म्हणते. कोबोल २७ म्हणतो.

कातळशिल्प, सोमवार रात्री ११:४५

मग सापडलं. ११ + ४ + ६ + ६ = २७. कोबोलचं बरोबर आहे. जावाकडे एक बाइट जास्त आला कुठून?

जेएनए स्ट्रक्चर मांडताना सी भाषेचा नियम पाळते. चार बाइटचा इंट चारने भाग जाणाऱ्या जागेवरच बसला पाहिजे. तुझा खाते क्रमांक ० ते १० या घरांत बसला. पुढचं घर ११. त्याला चारने भाग जात नाही, म्हणून जेएनएने ११ वं घर रिकामं सोडलं आणि दिवस १२ पासून ठेवले. कोबोलला कुणी सिंक्रोनाइज्ड (जागा जुळवून ठेव) सांगितलं नसेल तर तो असली ऐसपैस मांडणी करत नाही, फील्डला फील्ड चिकटवून बसवतो. तो दिवस ११ पासून वाचतो.

आता तुझे आकडे मांडू. ९० म्हणजे हेक्समध्ये (१६ च्या मोजणीत) ५ए. जावाने १२ ते १५ या घरांत ठेवलं: ५ए ०० ०० ००. कोबोलने ११ ते १४ वाचलं: ०० ५ए ०० ००. लहान बाइट आधी धरला तर ९० गुणिले २५६, म्हणजे २३,०४०.

मुद्दल बघ. ५०,०००.०० पॅक्ड केल्यावर ६ बाइट: ०० ०० ५० ०० ०० ०सी. कॉम्प-३ मध्ये एका बाइटात दोन आकडे आणि अगदी शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. दशांश बिंदू कुठेच साठवलेला नसतो, तो फक्त ‘व्ही’ लिहिणाऱ्याच्या मनात असतो. कोबोलने एक घर आधीपासून वाचलं: ०० ०० ०० ५० ०० ००. दोन आकडे उजवीकडे सरकले, म्हणून शंभरपट कमी. चिन्हाच्या जागी ० आला, पण ग्नूकोबोल डी नसेल ते सगळं अधिक धरतो, म्हणून त्याने हूं की चूं केलं नाही. हाच घोटाळा आयबीएमच्या मेनफ्रेमवर (बँकांच्या मोठ्या यंत्रावर) झाला असता तर हिशेबाच्या पहिल्याच ओळीवर आडवा झाला असता, आणि तू दोन दिवस आधी सुटला असतास.

व्याजही तसंच. ५०० रुपये, २३,०४० दिवस, ८ टक्के: २,५२४.९३. शंभरपट कमी गुणिले २५६ म्हणजे खऱ्याच्या २.५६ पट. आता मात्र लिहिणारा कोबोल आणि वाचणारी जावा. कोबोलने २१ पासून लिहिलं, तू २२ पासून वाचलंस, म्हणून शेवटी असायचा तो ‘सी’ तुला एक घर आधी भेटला. सगळ्यात उपयोगी निरोप तोच होता. इतकं सगळं सरकलं असताना तक्रार करणारा तुझा तो एकटाच कोड, त्याला शाबासकी दे.

तुझा १०० चा गुणाकार चालला तोही योगायोगानेच. दोन आकडे डावीकडे सरकवलेस, ते परत उजवीकडे सरकले. पैशांसकट रक्कम ठेवलीस तरी चाललं असतं, आणि एक दिवस कुणीतरी मांडणी दुरुस्त केली असती की प्रत्येक ठेव शंभरपट.

देवगडपेटी, मंगळवार सकाळी ७:१५

माका कोबोल कळना नाय, पण ह्या कळला. आंब्याच्या पेटयेर डझन लिवललो नसलो तर वाशीचो दलाल आपल्या हिशोबान मोजतलो. तू पाच डझनाची समजान धाडलंस, तो चार डझनाची समजान इकतलो. पट्टी हातात पडली काय मगे तुका कळतला.

कातळशिल्प, मंगळवार सकाळी ७:५०

दाजी, अगदी तेच. आणि पेटीत निदान आंबे तरी मोजता येतात. इथे पेटीसुद्धा जात नाही, फक्त पत्ता जातो: ‘अमक्या ठिकाणी माल आहे, उघडून बघ’. किती माल, कसला माल, काही लिहिलेलं नाही. कोबोलचं यूझिंग (कॉलसोबत माहिती द्यायचा शब्द) आणि सीचा पॉइंटर, दोघांचा स्वभाव हाच. जावावाल्यांना सवय असते की चुकीचा प्रकार दिला तर कंपाइलर अडवेल. या वेशीवर पहारेकरीच नाही.

वाशिष्ठीकाठ, तात्पुरता उपाय एका ओळीचा आहे. स्ट्रक्चर तयार करताना अलाइनमेंट ‘नन’ सांग, २७ होतील. पण माझं ऐकशील तर स्ट्रक्चर सोडूनच दे. २७ बाइटचा बाइटबफर घे, क्रम लिटल एंडियन (लहान बाइट आधी) ठेव, आणि प्रत्येक फील्ड आकडा सांगून बसव: खाते ० वर, दिवस ११ वर, मुद्दल १५ वर, व्याज २१ वर. मग तोच ॲरे जेएनएला दे. दिसायला गावठी, पण कोबोलच्या लिंकेज सेक्शनशेजारी ठेवून कुणालाही ताडून बघता येतं. काकांच्या रजिस्टरात दुसरं काय होतं?

निवृत्त_चारशे (मालवण), मंगळवार सकाळी ११:२०

गजाल रंगली आहे म्हणून मीही बसतो. मी एएस/४०० या व्यापारी संगणकावर आयुष्य काढलं. १९८८ साली आयबीएमने तो काढला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मी मुंबईत त्याच्यासमोर बसलो तो निवृत्तीलाच उठलो. भाषा आरपीजी. तिथेही पॅरामीटर म्हणजे पत्ताच, त्यामुळे या दुखण्याची सगळी रूपं पाहिली आहेत.

त्यातलं एक सांगतो. सीएल नावाच्या हुकमांच्या भाषेतून प्रोग्रॅमला कॉल करताना तुम्ही अक्षरं थेट लिहून पाठवलीत, तर यंत्र ती ३२ अक्षरांपर्यंत मोकळ्या जागा भरून पाठवतं. आता समजा प्रोग्रॅमचा पॅरामीटर ५० अक्षरांचा आहे. तुम्ही ‘रत्नागिरी’ लिहून चाचणी घेतली. पहिली ३२ ठीक, पुढची १८ अक्षरं म्हणजे त्या पत्त्याच्या पलीकडे स्मृतीत जे पडलेलं असेल ते. बहुतेक वेळा तिथेही रिकामंच असतं, म्हणून चाचणी पास. मग वर्षाअखेरीला, यंत्रावर दाटी असताना, एखाद्या पत्त्याच्या शेपटीला भलत्याच ग्राहकाचं नाव चिकटून छापलं जातं. आमच्याकडे हे झालं तेव्हा भुताटकी म्हणेपर्यंत मजल गेली होती.

आकड्यांचं त्याहून वेगळं. सीएलमध्ये थेट ९० लिहिलंत तर तो पॅक्ड, १५ आकडी, त्यातले ५ दशांश, असाच जातो. समोरच्या आरपीजीने ५ आकडी, दशांशाशिवाय ठेवला असेल तर हिशेबाला बसताना एमसीएच१२०२. दशांश आकड्यात गडबड. हा निरोप मी इतक्यांदा पाहिलाय की घरच्या फोनचा नंबर विसरेन, तो नाही विसरणार.

जावा आली तेव्हा आयबीएमने टूलबॉक्स दिला, आता तो जेटीओपन नावाने खुल्या सोर्सचा आहे. त्याच्यात ही मांडणी शब्दांत लिहून द्यावी लागते: हा मजकूर ११ लांबीचा, हा पॅक्ड दशांश ११ आकडी २ दशांशांचा, हा चार बाइटचा पूर्णांक. प्रोग्रॅम कॉलला पॅरामीटर ३५ पर्यंत. त्याहून चांगलं म्हणजे पीसीएमएल: पॅरामीटरचं सगळं वर्णन एका एक्सएमएल फाइलीत, आणि ती फाइल आरपीजीच्या कंपाइलरकडूनच काढून घेता येते. माणसाने हाताने मोजायचं कामच उरत नाही. चिपळूणच्या मुला, तुझ्याकडे टूलबॉक्स नाही, पण कल्पना उचल. लिंकेज सेक्शन वाचून जागांचा तक्ता काढणारी छोटी स्क्रिप्ट लिही. कोबोल बदलला की तक्ता बदलला पाहिजे, माणसाच्या हातून नव्हे.

पाणवठा (अलिबाग), मंगळवार दुपारी १:०५

काका, तुमच्या एमसीएच१२०२ ला मेनफ्रेमवर आम्ही एस०सी७ म्हणतो. त्याच घराण्यातला.

मी मेनफ्रेमवर कोबोल आणि जावा जोडायचं काम केलंय. तिथली पहिली ठेच लिपीची. आयबीएमची मेनफ्रेम अक्षरांसाठी एबसीडिक ही संकेतपद्धत वापरतात, आपली नेहमीची यंत्रं आस्की. एबसीडिकमध्ये मोकळी जागा म्हणजे हेक्स ४०, आणि आस्कीत हेक्स ४० म्हणजे ॲट (@). म्हणून न बदललेलं रेकॉर्ड जावात उघडलं की नावानंतर ॲटची रांग दिसते. ती दिसली तर घाबरू नका, फक्त लिपी बदलायची राहिलीय.

पण खरा खड्डा पुढे आहे. रांग पाहिली की नवा माणूस अख्खं रेकॉर्ड एकदम एबसीडिकवरून आस्कीत बदलतो. नावं छान दिसतात, सगळे खूश. पण त्या रेकॉर्डमध्ये कॉम्प-३ चे आकडेही असतात, आणि बदलणाऱ्याला काय कळणार कुठला बाइट अक्षराचा आणि कुठला आकड्याचा! रकमेचा शेवटचा बाइट ५सी असेल तर एबसीडिकमध्ये ती चांदणी होते. चांदणीचं आस्की २ए. झालं, ५सी चा २ए. चिन्ह गेलं, आकडा गेला, आणि परत फिरायची खात्रीची वाटही नाही, कारण काही बाइटना समोर जोडीदारच नसतो. लिपी बदलायची ती फील्ड-फील्डने, फक्त अक्षरांच्या फील्डची. फाइल यंत्रावरून उतरवतानासुद्धा एफटीपी मजकूर पद्धतीने नाही, बायनरीने.

एकूण माल किती मावतो तेही बघावं लागतं. मेनफ्रेमवर व्यवहार चालवणाऱ्या सीआयसीएसमध्ये कॉमएरिया, म्हणजे प्रोग्रॅमांमधली देवाणघेवाणीची जागा, ३२ केबीच्या पुढे जात नाही. ज्यांना जास्त लागतं ते चॅनल आणि कंटेनर वापरतात. पतसंस्थेच्या २७ बाइटला ती चिंता नाही म्हणा.

आणखी एक, वाशिष्ठीकाठ, तुझ्याकडे लागेल असं. कॉम्प-३ नको म्हणून साधे वाचता येणारे आकडे पाठवायचे ठरवलंस तर उणे रकमा आधी तपास. एस९(३) मध्ये उणे १२५ ठेवलं तर वेगळं उणे चिन्ह लिहिलं जात नाही, शेवटच्या आकड्यातच ते मुरवलं जातं. मेनफ्रेमवर ‘१२एन’ दिसेल, तुझ्या ग्नूकोबोलमध्ये लहान लिपीतला ‘यू’ लागून ‘१२यू’. जावाचा पार्स तिथेच कोसळतो. फील्डला ‘साइन लीडिंग सेपरेट’ दे, म्हणजे चिन्ह वेगळ्या बाइटमध्ये, पुढे, उघड.

नवा_गडी (पनवेल), मंगळवार दुपारी ३:४०

सगळ्यांचा मान राखून, पण साध्या सरळव्याजाच्या एका सूत्रासाठी एवढी कसरत कशाला? मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस भागिले ३६,५००. जावात बिगडेसिमलने पाच ओळी. कोबोल फेकून द्या.

कातळशिल्प, मंगळवार दुपारी ४:१०

१०,००० रुपये, १०० दिवस, ८ टक्के काढ.

नवा_गडी, मंगळवार दुपारी ४:१८

२१९.१८.

कातळशिल्प, मंगळवार दुपारी ४:२५

कोबोलमध्ये कंप्यूटपुढे राउंडेड लिहिलेलं नसेल तर २१९.१७. खरा आकडा २१९.१७८ आहे, तो पुढचं छाटतो, तू वर नेलंस. एक पैसा. ठेवीदाराला फरक पडत नाही, पण पासबुकात एक आणि मोबाइलवर दुसरं दिसलं की तो काउंटरवर येतो, आणि मग मॅनेजर वाशिष्ठीकाठला फोन करतो. सूत्र तू पाच ओळींत लिहिशील, मान्य. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीचा दर, ज्येष्ठांचा जादा दर, लीप वर्ष, संचालकांनी कधीकाळी ठराव करून घातलेली एखादी अट, हे त्या सूत्रात नाही. त्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि सध्या फक्त तिथेच आहे.

नवा_गडी, मंगळवार दुपारी ४:४०

ठीक. पण मग लायब्ररी म्हणून जावाच्या पोटात घालण्यापेक्षा वेगळा प्रोसेस चालवून मजकुराने बोलावं, एवढं तरी माना. एक बिघडला तर दुसरा जिवंत राहतो.

निवृत्त_चारशे, मंगळवार संध्याकाळी ५:००

पनवेलकर, हे मात्र शहाणपणाचं बोललास.

वाशिष्ठीकाठ, बुधवार रात्री ८:३०

आधी आभार. बाइटबफर केला, २७ झाले, पहिल्याच फटक्याला ९८६.३०. देवगडच्या दाजींना आमच्याकडून एक खेप चिवड्याची.

पण आज दुपारी नवंच. चाचणीत एक चुकीचा खाते क्रमांक टाकला आणि अख्खा टॉमकॅट (जावाची बाजू चालवणारा सर्व्हर) गेला. एरर नाही, स्टॅक ट्रेस नाही, लॉगमध्ये शेवटचा शब्दही नाही. कुणी वायर ओढावी तसा. आणि दोन मोबाइलवरून एकदम विचारलं तर एकदा एकाचं व्याज दुसऱ्याला दिसलं.

कातळशिल्प, बुधवार रात्री ९:०५

पहिल्याचं कारण न बघता सांगतो: खातं सापडलं नाही तर प्रोग्रॅममध्ये ‘स्टॉप रन’ असणार. काकांनी लिहिलं तेव्हा तो प्रोग्रॅम एकटाच राहत होता. स्टॉप रन म्हणजे प्रोसेस संपव, आणि आता तो ज्या प्रोसेसच्या पोटात आहे ती तुझी जावा. जावाला अपवाद पकडायची संधीच मिळत नाही, कारण अपवाद झालेलाच नाही, संसारच आटोपलाय. सगळे स्टॉप रन शोध आणि गोबॅक (हाक मारणाऱ्याकडे परत) कर. आणि लिंकेज सेक्शनच्या शेवटी दोन अक्षरांचं स्थिती-फील्ड वाढव: ‘००’ ठीक, ‘०१’ खातं नाही, असं. २९ बाइट होतील.

दुसऱ्याचं कारण वर्किंग-स्टोरेज, म्हणजे कोबोलची आपली कामाची जागा. ते प्रत्येक कॉलला नव्याने तयार होत नाही. पहिल्या कॉलची शिल्लक दुसऱ्यात तशीच असते. काकांच्या काळी एका वेळी एकच माणूस विचारायचा. आता दोन थ्रेड (कामाचे समांतर प्रवाह) एकाच वेळी त्याच जागेवर लिहितात, शिवाय ग्नूकोबोलचा रनटाइमही अनेक थ्रेडसाठी बनलेला नाही. जावात एकाच थ्रेडचा एक्झिक्युटर ठेव, सुरुवातीची कॉब-इनिट हाकही त्याच थ्रेडवरून दे, आणि सगळे कॉल त्या एका खिडकीतून रांगेने जाऊ दे. पतसंस्थेच्या गर्दीला एक खिडकी पुरते.

पाणवठा, बुधवार रात्री ९:३०

किंवा नवा_गडी म्हणतो तसा वेगळा प्रोसेस. मीही त्याच बाजूची. लायब्ररीने दर कॉलला वाचणारे मिलिसेकंद या कामात कुणाला दिसणारही नाहीत, पण टॉमकॅट गेलेला सगळ्यांना दिसतो. बाहेरच्या प्रोसेसशी बोलताना ओळ वाचता येण्याजोगी ठेवता येते, ती लॉगमध्ये जशीच्या तशी पडते, आणि भांडण झालं तर कुणी काय पाठवलं ते डोळ्यांनी दिसतं. हेक्स डंप मॅनेजरला दाखवून उपयोग नाही.

निवृत्त_चारशे, गुरुवार सकाळी १०:४५

उलट बाजूचंही सांगून ठेवतो, पुढे कुणाला लागेल. आरपीजीतून जावाला हाक मारता येते, आम्ही ईमेल आणि एक्सेलसाठी खूप वापरली. आरपीजीत जावाची वस्तू धरायला वेगळा प्रकार असतो. त्यातली मेख अशी की आरपीजीने जावाची एखादी वस्तू मागितली की जावा ती जपून ठेवते आणि वाट बघत बसते. जावाचा कचरा उचलणारा गडी घरातलं सगळं आवरतो, पण ओटीवरचे पाहुणे उठले की नाही हे त्याला दिसत नाही. आरपीजीने ‘झालं माझं’ असं मुद्दाम सांगावं लागतं. आमच्याकडे रात्रीच्या जॉबमध्ये प्रत्येक बिलाला एक स्ट्रिंग करत होतो आणि एकही सोडत नव्हतो. शंभर बिलांना काही जाणवलं नाही. महिनाअखेरीला जॉब पहाटेपर्यंत सुजत गेला आणि बसला.

क्लासपाथचंही तसंच. त्या जॉबमध्ये जावा एकदा सुरू झाली की नंतर क्लासपाथ बदलून उपयोग नाही. मी एक अख्खा दिवस बदलत बसलो होतो. शेवटी जॉब बंद करून चालू केला, चाललं.

वाशिष्ठीकाठ, शनिवार संध्याकाळी ६:२०

काल गुहागरला जाऊन काकांना भेटून आलो. स्टॉप रन दाखवले. सात निघाले. काका म्हणाले, ‘अरे, खातं सापडलं नाही तर पुढे जायचंच कशाला?’ त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

छाटण्याचंही विचारलं. पैशाखालचा भाग सोडून द्यायचा हे मुद्दाम होतं, राउंडेड विसरले नव्हते. नवा_गडी, तुझ्या पाच ओळी लिहायची वेळ आलीच तर राउंडिंग ‘डाउन’ ठेव.

शेवटी वेगळा प्रोसेसच केला. ओळीच्या सुरुवातीला आराखड्याचा क्रमांक आणि लांबी, मग खाते, दिवस, मुद्दल, व्याज, स्थिती. सगळे वाचता येणारे आकडे, चिन्ह पुढे आणि वेगळं. लांबी जुळली नाही तर कोबोल हिशेबाला हात न लावता परत पाठवतो. प्रोसेस एकच ठेवलाय आणि तो रांगेने उत्तर देतो, म्हणून दोन मोबाइलचा घोळही गेला. लायब्ररीचा कोड बाजूला ठेवलाय, फेकला नाही. तक्ता काढणारी स्क्रिप्ट अर्धी झालीय. रिडिफाइन्स (त्याच जागेची दुसरी मांडणी) आणि ऑकर्सवर (तेच फील्ड पुन्हापुन्हा) अडते, ते आपल्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी आहे म्हणून तूर्त हाताने.

निघताना काकांनी विचारलं की खाते क्रमांक अकराच आकडी कसा राहिला. म्हणाले, रजिस्टरात त्याच्यापुढे एक बाइटचा फिलर, म्हणजे राखून ठेवलेली रिकामी जागा, लिहिला होता, पुढेमागे बारा आकडी करायला. सोर्सच्या सीडीत तो नाही. म्हणजे सीडी रजिस्टरपेक्षा जुनी. आता संस्थेत चालू असलेला प्रोग्रॅम नक्की कुठल्या सोर्सचा, हे सोमवारी बघतो.

कातळशिल्प, शनिवार संध्याकाळी ६:४०

थांब. फिलर असता तर तुझे २८ बरोबर होते.

वाशिष्ठीकाठ, शनिवार संध्याकाळी ६:५२

तेच तर. पण मी कंपाइल केलाय तो सीडीवरूनच, त्यात २७. चालू असलेली बायनरी काढून तिला तेच ९० दिवस देऊन बघतो.

बंदररोड, शनिवार रात्री ८:१५

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे तारीख सहा आकडी येते, वर्षाचे दोनच आकडे. ४९ पर्यंत २० लावू की...

पाणवठा, शनिवार रात्री ८:२०

नवीन धागा काढ रे बाबा. आणि त्यात फाइल कुठल्या यंत्रावरची ते आधी लिही.